एकशे नव्व्याण्णवावा भिडू

गल्लीत क्रिकेटचा डाव मांडताना भिडू कसे वाटून घेता? दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहतात आणि आलटूनपालटून एकेकाचं नाव घेतात. चांगला बॅट्समन आधी जातो आणि जो शेवटी उरतो, त्याचा चेहरा अगदी एवढासा होतो. अमेरिकेत हाच प्रकार दर वर्षी टीव्हीवर, लाखो लोकांसमोर चालतो. त्याला म्हणतात ‘ड्राफ्ट’!

तिथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, बरं का! दोन्हीकडे निमुळता होत गेलेला लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, तो आपल्या गड्याकडे फेकायचा, असा हा धसमुसळा खेळ. एनएफएल ही त्याची सर्वांत मोठी स्पर्धा. तिचे ३२ संघ कॉलेजात खेळून तयार झालेल्या मुलांमधून सात फेऱ्यांत खेळाडू निवडतात. आदल्या मोसमात जो सर्वांत जास्त हरला, त्याला साधारणपणे पहिला मान. दुबळा संघ कायम दुबळाच राहू नये, म्हणून १९३६ सालापासून ही रीत आहे.

निवडीआधी इंडियानापोलिस शहरात या मुलांची जणू परीक्षाच होते. ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर किती सेकंदांत पळतो? जागच्या जागी किती उंच उडी मारतो? १०२ किलोचं वजन किती वेळा उचलतो? सगळं मोजून लिहून ठेवतात.

मग सुरू होतो क्रीडाशौकिनांचा वाद! घराघरांत, रेडिओवर, कॅन्टीनमध्ये जो तो तज्ज्ञ. १९९९ साली फिलाडेल्फिया ईगल्स संघाच्या चाहत्यांना रिकी विल्यम्स हा धावपटू हवा होता. संघाने घेतला डोनोव्हन मॅकनॅब. झालं! न्यूयॉर्कच्या सभागृहात मॅकनॅबचं नाव पुकारताच जमलेल्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या क्षणी बिचाऱ्याला टाळ्यांऐवजी आरडाओरडा ऐकावा लागला. पण याच मॅकनॅबने २००५ साली ईगल्सना ‘सुपर बाउल’ या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. विल्यम्सही काही वाईट निघाला नाही हं. २००२ च्या मोसमात चेंडू घेऊन सर्वांत जास्त यार्ड तोच धावला.

चाहत्यांचं सोडा, पण पगारी पारखी तरी चुकणार नाहीत ना? तेही चुकतात! आता टॉम ब्रेडीची गोष्ट ऐका.

ब्रेडी होता क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू कोणाकडे फेकायचा हे तीन-चार सेकंदांत ठरवणारा संघाचा सूत्रधार. त्याला ४० यार्ड पळायला ५.२८ सेकंद लागले. सव्वाशे किलोहून जड असलेले काही गडीसुद्धा एवढ्या वेळात पळतात! २००० सालच्या ड्राफ्टमध्ये एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. ब्रेडीचं नाव येईना. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. शेवटी सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंड पेट्रिअट्सनी त्याला घेतलं. त्यांनीसुद्धा त्याआधी दुसरे सहा जण घेतले होते! अकरा वर्षांनी एका माहितीपटात त्या दिवसाची आठवण सांगताना ब्रेडीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे याच ब्रेडीने सात सुपर बाउल जिंकले. सहा पेट्रिअट्ससाठी आणि एक टँपा बे बकनिअर्ससाठी. एवढे सुपर बाउल दुसऱ्या कुठल्याही खेळाडूने जिंकलेले नाहीत.

मग घड्याळ खोटं बोललं का? छे! ब्रेडी खरोखरच हळू पळायचा. पण क्वार्टरबॅकला पळण्यापेक्षा ओळखणं आणि ठरवणं जास्त लागतं. त्याचा पुरावाही समोरच होता. ड्राफ्टच्या साडेतीन महिने आधी, १ जानेवारी २००० रोजी, ब्रेडीचा मिशिगन विद्यापीठाचा संघ अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांनी मागे पडला होता. तरी ब्रेडी डगमगला नाही. जादा वेळेत मिशिगनने सामना ३५-३४ असा खिशात टाकला. सेकंद मोजता येतात, धीर मोजायला फूटपट्टी नाही. म्हणून जे मोजता आलं, त्यालाच लोकांनी जास्त मोल दिलं.

प्रगतिपुस्तकाचंही थोडं असंच नाही का? त्यातले गुण खरे असतात, पण ते सगळं सांगत नाहीत.

आता एक गंमत करून पाहा. आपल्या १९ वर्षांखालच्या क्रिकेट संघातले तीन खेळाडू निवडा. ‘हा पुढे चमकेल’ असं वहीत लिहा. का चमकेल, तेही लिहा. कारणाशिवाय नाव लिहायचं नाही! आई-बाबांनाही त्यांची तीन नावं लिहायला लावा. खाली तारीख घाला आणि वही जपून ठेवा. पाच वर्षांनी ती उघडाल, तेव्हा घरातला खरा पारखी कोण, ते कळेल!