अंगठी नेमकी कोणी नष्ट केली?

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा (१९५४-५५) शेवट नीट वाचला तर चक्रावायला होतं. हजारभर पानं ज्याच्यासोबत आपण चाललो, तो हॉबिट फ्रोडो सत्तेची अंगठी नष्ट करायला ज्वालामुखीच्या तोंडाशी पोहोचतो आणि ती आगीत टाकायला नकार देतो. बोटात चढवतो. मागून आलेला, अंगठीचा जुना मालक गॉलम त्याचं बोटच चावून तोडतो, आनंदाने नाचतो आणि तोल जाऊन अंगठीसकट आगीत पडतो. २००३च्या चित्रपटात दोघांची झटापट होते. पुस्तकात गॉलमला कोणीही ढकलत नाही.

मग फ्रोडो वीर कसा? गॉलम तिथवर जिवंत कसा पोहोचला, हे आधी पाहायला हवं. कितीतरी वर्षांपूर्वी, डोंगराखालच्या बोगद्यात, अंगठीमुळे अदृश्य झालेला फ्रोडोचा नातलग बिल्बो तलवार घेऊन उभा होता आणि गॉलम वाट अडवून बसला होता. एका घावात मोकळं होता आलं असतं. पण बिल्बोला त्याची कीव आली आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निसटला. पुढे फ्रोडो त्याच्या गळ्याशी तलवार लावतो, पण जीव घेत नाही. शेवटी त्या ज्वालामुखीच्या चढावर फ्रोडोचा सोबती सॅमसुद्धा थांबतो, आणि सॅमला तर गॉलम डोळ्यांसमोर नको असतो. तीनदा तलवार उपसली गेली, तीनदा वार झाला नाही. अंगठी नष्ट होते ती यामुळे.

‘द हॉबिट’ या आधीच्या पुस्तकाच्या १९३७च्या आवृत्तीत बिल्बोचा हा प्रसंग नव्हताच. तिथे गॉलम कोड्यांच्या खेळात हरल्यावर अंगठी बक्षीस द्यायला तयार होता. ती सापडेना, म्हणून त्याने बिल्बोला बाहेरची वाट दाखवली. मोठी कादंबरी आकार घेऊ लागली तसं ते प्रकरण टॉल्किनने नव्याने लिहिलं आणि १९५१च्या आवृत्तीत बिल्बोची दया अवतरली. मला हा बदल कादंबरीतल्या सगळ्या लढायांहून मोठा वाटतो.

बलवानांचं काय? अंगठी माणसाच्या इच्छेला धरून आत शिरते, चांगल्या इच्छेलाही. मोहिमेतला योद्धा बोरोमिर, त्याला आपलं शहर वाचवायचं होतं, तिथेच तो घसरला. जादूगार गँडाल्फ म्हणूनच ती देऊ केली तरी स्वीकारत नाही. आणि राजा अ‍ॅरागॉर्न सहा हजारांहूनही कमी सैन्य घेऊन, अंगठी घडवणाऱ्या शत्रूच्या दारात उभा राहतो, तो जिंकायला नव्हे. शत्रूची नजर दोन थकलेल्या हॉबिटांवरून हटावी एवढ्यासाठी.

टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होता. तिथल्या साध्या शिपायांबद्दलचा त्याचा आदर सॅममध्ये उतरला आहे. फ्रोडोही परततो तो रणांगणावरून आलेल्या माणसासारखा. प्रवासात झालेली खांद्यावरची जखम दरवर्षी त्याच तारखेला ठसठसते. गावात गुंडांशी लढाई पेटते, तेव्हा तो तलवार उपसत नाही. चिडलेल्या गावकऱ्यांमध्ये फिरत राहतो आणि ज्यांनी शस्त्रं टाकली आहेत त्यांना मारू देत नाही.