वाईन नावाचा ‘डॉक्टर’

1936 साली पॅरिसमध्ये एक देखणं पुस्तक निघालं. नाव ‘माझा डॉक्टर, वाईन’. चित्रं राऊल द्युफी या नामवंत चित्रकाराची, जलरंगातली. वाईनमुळे प्रकृती कशी सुधारते, हे त्यात डॉक्टरांचे दाखले देऊन सांगितलं होतं. पुस्तक काढलं होतं ‘निकोला’ या वाईन विकणाऱ्या पेढीनं. म्हणजे ती जाहिरातच, फक्त फार सुंदर.

तसाच सूर आपल्याकडे जानेवारी 2022 मध्ये ऐकू आला. सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला आणि ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ यावर वाद रंगला. द्राक्ष बागायतदाराच्या उत्पन्नाचा मुद्दा वेगळा. पण यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. 12 टक्के अल्कोहोल असलेल्या 150 मिलिलिटर वाईनमधून पोटात साधारण 14 ग्रॅम अल्कोहोल जातं. 5 टक्क्यांच्या 330 मिलिलिटर बिअरमधून 13 ग्रॅम. शरीरात त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींमधल्या डीएनएला इजा करतं. मद्य कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1988 मध्येच जाहीर केलं होतं. तोंड, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन हे अवयव त्यात येतात.

मग ‘रोज एक ग्लास हृदयाला चांगला’ हे आलं कुठून? फ्रेंच माणसं लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी. याचं श्रेय 1990च्या दशकात वाईनला दिलं गेलं. पुढे अशा अभ्यासांतली एक गोम लक्षात आली. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले होते. त्यांच्या शेजारी थोडी पिणारे ठणठणीत दिसणारच!

द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलचंही असंच झालं. चाचण्यांत ते शेकडो मिलिग्रॅम दिलं गेलं. लिटरभर रेड वाईनमध्ये ते सहसा काही मिलिग्रॅमच असतं. हट्टा-वसमतच्या हळदीच्या पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको: करक्युमिनच्या प्रयोगावरून भाजीतली चिमूटभर हळद औषध ठरत नाही. फरक इतकाच, की हळदीसोबत अल्कोहोल येत नाही.

जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट केलं, की मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. मधुमेहींना तर धोका लगेचचा आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी घेतलेली वाईन रक्तातली साखर एकदम खाली आणू शकते. त्यातून येणारी भोवळ घरच्यांना नशाच वाटते आणि उपचाराला उशीर होतो.