यहुदी धर्मशास्त्र आणि देवीची लस

यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे देह ही ईश्वराची ठेव असल्यामुळे तिचे रक्षण हा मर्जीचा नव्हे, तर कर्तव्याचा प्रश्न ठरतो. नव्या घराच्या धाब्यास कठडा बांधावा, या बायबलातील ‘अनुवाद’ ग्रंथातील आज्ञेच्या आधारे १२व्या शतकात यहुदी धर्मपंडित मैमोनिडीस याने जीवितास धोका पोहोचविणारी प्रत्येक गोष्ट दूर करण्याचा दंडक घालून दिला. पुढे युरोपात देवीच्या साथी थैमान घालीत असता, निरोगी मुलास बुद्ध्या टोचून घेणे शास्त्रसंमत काय, असा पेच पडला, तेव्हा १९व्या शतकातील जर्मन रब्बी इस्राएल लिपशुट्झ याने, टोचणीने हजारांत एखादा दगावला तरी न टोचण्यातील धोका त्याहून मोठा, असा हिशेब मांडून अनुकूल निर्णय दिला. आजचे बहुतेक रब्बी हाच न्याय गोवराच्या लसीस लावतात; मतभेद आहे तो मुख्यतः सक्तीच्या मर्यादेविषयी.