बेने इस्राएलांच्या प्रार्थनामंदिरांचा जीर्णोद्धार : आधीं दप्तर, मग भिंत

पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत बेने इस्राएल समाजाचीं रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) व पेण (१८६३) येथील प्रार्थनामंदिरें प्रसिद्ध आहेत. अलिबागचें मंदिर १९१० मध्यें नव्यानें बांधलें गेलें. समाजांत प्रार्थनामंदिरास 'मशीद' म्हणण्याचा प्रघात होता. सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ मध्यें मुंबईस बांधविलेलें शार हारहामीम 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखलें जाई. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलांत स्थायिक झाला. मागें राहिलेली मंडळी थोडी. परंतु परदेशीं गेलेलीं कुटुंबें पूर्वजांचीं गांवें व थडगीं पाहण्यास परत येतात. त्यांच्या प्रार्थनेची व विसाव्याची सोय होऊन मूळ वास्तूही टिकावी, असा जीर्णोद्धार कसा योजावा, हा प्रश्न केवळ गवंडीकामाचा नाहीं. आमच्या मतें त्याचा आरंभ भिंतीपासून नव्हे, दप्तरापासून झाला पाहिजे.

याचें प्रत्यंतर कैरो येथें मिळतें. ईश्वराचें नांव असलेला जीर्ण ग्रंथ टाकून द्यावयाचा नाहीं, असा यहुदी धर्माचा दंडक आहे. असे ग्रंथ एका कोठडींत ठेवितात व पुढें दफन करितात. त्या कोठडीस गनिजा म्हणतात. कैरोच्या बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या गनिजेंत शेंकडों वर्षांचे कागद सांचले होते. १८८९ ते १८९२ च्या सुमारास मंदिराची पुनर्बांधणी होत असतां ते उघड्यावर आले व कांहीं विक्रेत्यांच्या हातीं जाऊन देशोदेशीं पांगले. शेख्तर यांनीं १८९६-९७ मध्यें उरलेला मोठा भाग केंब्रिजला नेला. म्हणून बाराव्या शतकांत मंगळुरास व्यापार करणाऱ्या अब्राहाम बेन यिजूचा पत्रव्यवहार आज अभ्यासकांस उपलब्ध आहे. ज्या दुरुस्तीनें हें भांडार उजेडांत आणिलें, तिनेंच तें विस्कळितही केलें.

कोंकणांत एवढें भांडार निघेल असें नव्हे. पण येथील कागद मराठींत असल्यानें आपल्यास त्यांचें मोल विशेष. वल्हांडणाचा विधिग्रंथ हाग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्यें मुंबईस शिळाछापावर निघाला. १८७४ च्या पुणें येथील आवृत्तीच्या चित्रांत लुगडीं नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत आहेत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ मध्यें सिद्ध केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्यें छापला जाईपर्यंत चाळीस वर्षें हस्तलिखितच राहिला. असें एखादें बाड पेटींत राहून गेलें व कौलें उतरवितांना भिजलें, तर तें पुन्हां मिळावयाचें नाहीं. म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं हिशेबाच्या वह्या, विवाहाचे करार व वर्गणीच्या याद्या यांची मोजदाद करून छायाचित्रें घ्यावीं. गनिजेसंबंधीं निर्णय मात्र समाजाच्या संमतीनेंच व्हावा.

शिलालेखांवर गिलावा चढण्यापूर्वीं त्यांचे ठसे घ्यावे. यहुदी वर्षांतून ३७६० वजा केले असतां इसवी सन येतो. वर्षारंभ तिश्री महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरांत होत असल्यानें तेव्हांपासून डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१ वजा करावे. पुष्कळ लेखांत पांच हजारांचा आंकडा गाळलेला असतो. नुसते ६०८ कोरलें असल्यास तें ५६०८, अर्थात् १८४७-४८ होय.

वास्तूचा पहिला शत्रु पाणी. आम्हां सोलापूरकरांस धाब्याचीं घरें परिचित आहेत. अल्प पावसांत तीं शोभतात. अलिबागेस पाऊस सोलापूरच्या सुमारें तिप्पट, शिवाय समुद्राचा खारा वारा. तेथें छप्पर, पन्हळी व जोत्याभोंवतींचा निचरा प्रथम दुरुस्त झाला पाहिजे. जुन्या भिंतींचा चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, पण सच्छिद्र राहतो. भिंतीची ओल त्यांतून बाहेर पडते. वर सिमेंटचा गिलावा चढविला कीं ओल कोंडते, क्षारांचे स्फटिक आंतच जमतात व विटा-दगडांचे पापुद्रे सुटतात. चुन्याच्या जागीं चुनाच वापरावा. धड निघालेलें सागवान व कौलें पुन्हां बसवावीं. त्यानें खर्चही वांचतो व इमारतीचें वयही कळतें. मुंबईच्या कोटांतील १८८४ चें केनेसेथ एलियाहू जीर्णोद्धारानंतर २०१९ मध्यें पुन्हां खुलें झालें. अशीं कामें आपल्याकडे होऊं शकतात, याचा तो पुरावा आहे.

विसाव्याची सोय मूळ वास्तूंत कोंबूं नये. अलिबागजवळील खंडाळें येथें एलियाहू हनाबीच्या रथाचीं चिन्हें म्हणून मानलेला खडक आहे; घाटांतील खंडाळ्याहून हें स्थान निराळें. समाज तेथें यात्रेस जातो व मलिद्याचा विधि करितो. असा खडक उघडाच राहिला पाहिजे. निवारा, न्हाणीघरें व शौचकूप दूर, उताराच्या खालच्या अंगास असावे, आणि त्यांच्या छपरावरील पावसाचें पाणी टाक्यांत सांठवावें.

दप्तर, लेख, छप्पर, निचरा, भिंत व शेवटीं पाहुण्यांची सोय, असा हा क्रम आहे. मराठी वाचणारीं वृद्ध माणसें त्या त्या गांवीं आहेत तोंच पहिलीं दोन कामें उरकलीं पाहिजेत. ज्यांच्या संग्रहीं या समाजाचीं मराठी बाडें असतील, त्यांनीं त्यांच्या नकला त्या त्या मंदिराच्या विश्वस्तांकडेही ठेवाव्या.