न दिसणारी जाहिरात, न ऐकू येणारे शिक्षण

कापडाच्या पेढीपासून भाजीच्या गाडीपर्यंत आज गल्ल्याजवळ एक लहानशी पेटी हमखास दिसते. ग्राहकाने मोबाईलवरून पैसे पाठविले की ही पेटी मराठीत वा हिंदीत रक्कम बोलून दाखविते. व्यापाऱ्याने हा साऊंडबॉक्स घेतला तो निव्वळ स्वतःच्या सोयीसाठी. हात कापड मोजण्यात गुंतलेले असतात, चष्मा गादीवर राहिलेला असतो, गर्दीत प्रत्येक वेळी मोबाईलचा पडदा पाहण्यास सवड नसते. दृष्टिहीन विक्रेत्याला मात्र हीच पेटी दुसऱ्या कोणावर विसंबून न राहता व्यवहार करू देते. अशी वस्तू दुकानात आणताना अपंगांचा विचार केला पाहिजे, असे कोणी व्यापाऱ्याला सांगितले नव्हते. ती सर्वांनाच उपयोगी होती, म्हणून आली.

त्याच दुकानातून बाहेर जाणारी जाहिरात आणि त्याच दुकानात नोकरवर्गाला दिले जाणारे शिक्षण यांच्याकडे पाहिले, तर चित्र वेगळे दिसते.

जुन्या काळी व्यापारी घरांत शिकणे म्हणजे मुनीमजींच्या शेजारी बसणे. मालाचा पोत बोटांनी ओळखायचा, भाव कानांनी ऐकायचा, खतावणी डोळ्यांखालून घालायची. नजर अधू असलेला मुलगाही हाताने सुती आणि मिश्र कापड वेगळे काढू शकत असे. ग्राहकाचेही तसेच होते. अक्षरओळख नसलेली आजी दुकानात येऊन, भाव विचारून, पदर हातात घेऊन लुगडे पसंत करीत असे. ती व्यवस्था कोणी मुद्दाम सर्वसमावेशक केलेली नव्हती, आणि तिच्यात दोषही पुष्कळ होते. परंतु एकच गोष्ट डोळा, कान आणि हात अशा तीन वाटांनी पोहोचत असे. आता मालाचे चित्र व्हॉट्सॲपवर जाते आणि कामाचे शिक्षण व्हिडिओतून होते. वाट एकच उरली, आणि ज्याला ती बंद आहे तो बाहेर राहिला.

दिवाळीच्या जाहिरातीचे उदाहरण घेऊ. छापखान्यातून किंवा डिझायनरकडून एक आकर्षक चित्र येते. त्यावर साडीचे छायाचित्र, सवलतीची टक्केवारी, दुकानाचा पत्ता आणि शेवटची तारीख असते. हे चित्र जसेच्या तसे हजार ग्राहकांना पाठविले जाते. दृष्टिहीन व्यक्तीच्या मोबाईलमध्ये पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी सोय असते. अँड्रॉइड फोनमध्ये तिचे नाव टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. ही सोय अक्षरे वाचते. चित्रातील अक्षरे तिच्या दृष्टीने अक्षरे नसून केवळ चित्राचा भाग असतात. नवे फोन चित्रातील मजकूर ओळखण्याचा प्रयत्न करतात, पण नक्षीदार देवनागरीपुढे त्यांचा भरवसा धरता येत नाही. बहुतेक वेळा ग्राहकाला ऐकू येते ते एवढेच, की एक छायाचित्र आले आहे. चित्राखाली तोच मजकूर चार ओळींत टंकित करून पाठविला, तर अडचण तिथेच संपते. खर्च काहीही नाही. शिवाय साधा मजकूर असला की दुकानाचा पत्ता कोणालाही पुढे पाठविता येतो आणि महिन्यानंतर शोधूनही सापडतो.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे, आणि ती पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. अनेक छापखान्यांत अजूनही कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर जुळविला जातो. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असते, फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढविलेला असतो. डोळ्यांना 'दरपत्रक' दिसते, पण वाचून दाखविणारे यंत्र रोमन अक्षरांची निरर्थक मालिका उच्चारते. छपाईसाठी फाईल 'कर्व्ह' करून दिली असेल, तर तिच्यात अक्षरे उरतच नाहीत, केवळ आकार उरतात. यावर उपाय युनिकोडचा. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे. तीन दशकांहून अधिक काळ उपलब्ध असलेली ही सोय मराठी व्यापारी पत्रकांत अद्याप पुरती रुजलेली नाही, याला छापखान्याची सवय जितकी कारणीभूत आहे, तितकीच ग्राहक म्हणून व्यापाऱ्याची उदासीनताही. पेढीने मागितलेच नाही, तर छापखाना देणार कशाला?

रंगसंगतीचाही विचार व्हावा. क्रीम रंगाच्या कागदावर सोनेरी अक्षरे ही आपल्याकडील जुनी आवड आहे. लग्नपत्रिकेत ती शोभते, कारण निमंत्रणाची तारीख घरात सर्वांना आधीच ठाऊक असते. दरपत्रकाची गोष्ट तशी नाही. सुवाच्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार संगणकाच्या पडद्यावरील नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचे हे गुणोत्तर २१ : १ भरते, तर फिकट सोनेरी आणि क्रीमची जोडी या किमान मर्यादेच्या जवळपासही जात नाही. मोतीबिंदू वाढलेल्या ज्येष्ठांना असा मजकूर धूसर दिसतो. पेढी ज्यांनी उभी केली, त्या वडिलांनाच पेढीचे नवे दरपत्रक वाचता येऊ नये, ही गोष्ट कित्येक घरांत घडत असेल. वडील बोलून दाखवीत नाहीत. नातवाला म्हणतात, "तूच वाच रे, मला काम आहे."

नोकरवर्गाच्या शिक्षणात तर प्रत्यक्ष पैशाचा प्रश्न येतो. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने नवे दर ठरविले आणि घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, ते लागू झाले. तयार कपड्यांचा प्रति नग २,५०० रुपयांपर्यंतचा माल ५ टक्क्यांत आला आणि त्यावरील माल १८ टक्क्यांत गेला. ऐन सणाच्या तोंडावर तीन आठवड्यांत सर्व माल नव्याने नोंदवायचा होता. अशा वेळी दुकानात सहज सुचणारा मार्ग म्हणजे भिंतीवर एक तक्ता लावणे: ५ टक्क्यांचा माल हिरव्या रंगात, १८ टक्क्यांचा तांबड्या रंगात. पण तांबडा आणि हिरवा यांतील फरक न ओळखता येणे हा जन्मजात दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळच अधिक आढळतो, आणि अनेकांना तो स्वतःमध्ये आहे हे माहीतही नसते. दोन हजारांच्या शर्टाची नोंद १८ टक्क्यांत झाली, तर एका नगामागे २६० रुपयांची चूक होते. ग्राहकाशी वाद होतो, आणि बोल लागतो तो 'निष्काळजी' नोकराला. रंगाशेजारी आकडा लिहिला असता तर हा प्रसंग आलाच नसता. तोच तक्ता झेरॉक्स काढून गोदामात लावला की रंग असेही नाहीसे होतात, हे वेगळेच.

व्हिडिओतून दिलेल्या शिक्षणाचीही हीच कथा. बहिरा कामगार तो पाहतो, पण बोलणाऱ्याच्या ओठांपलीकडे त्याला काही मिळत नाही. खाली मराठीत ओळी दिल्या, तर तो वाचू शकतो. मात्र येथे एक बारकावा आहे. जन्मापासून न ऐकणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, मराठी त्यांना दुसऱ्या भाषेसारखी शिकावी लागते. म्हणून वाक्ये लहान हवीत, आणि करून दाखविणे शब्दांपेक्षा अधिक हवे. उलटपक्षी, ज्याचे वाचन कच्चे आहे अशा हमालाला लेखी सूचनेपेक्षा आवाजातील निरोप बरा. दोघांची गरज परस्परविरुद्ध वाटते. प्रत्यक्षात एकच मजकूर लिहूनही दिला आणि बोलूनही दिला, की दोघांचे भागते. गजबजलेल्या दुकानात आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहणाऱ्या धडधाकट विक्रेत्यालाही खालच्या ओळी हव्याच असतात.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत दृष्टीचे आणि श्रवणाचे अपंगत्व असलेले प्रत्येकी सुमारे ५० लाख होते. महाराष्ट्रातील एकूण आकडा सुमारे २९ लाख ६३ हजार होता. वयोमानाने नजर वा कान मंदावलेले, पण कोणतेही प्रमाणपत्र नसलेले ज्येष्ठ यांत बहुधा मोजलेच गेलेले नाहीत.

कायदाही आता खाजगी पेढीच्या दारापर्यंत आला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यानुसार खाजगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे असते. वीस किंवा अधिक कामगार असल्यास ते धोरण अधिक तपशिलाने द्यावे लागते आणि त्याकरिता संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत, तर पुढील प्रत्येक उल्लंघनास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वीसहून अधिक माणसे असलेल्या कित्येक पेढ्यांत हे धोरण कागदावरही नसावे. जीएसटीचे विवरणपत्र एक दिवस चुकू न देणाऱ्या व्यापाऱ्याने याबाबत इतके निश्चिंत राहावे, हे नवलच.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या डिजिटल केवायसीसंबंधी दिलेला निकालही व्यापाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगा आहे. आम्लहल्ल्यात चेहरा भाजलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून 'जिवंत' असल्याची खूण देता येत नव्हती, म्हणून साध्या सेवाही त्यांना नाकारल्या जात होत्या. डिजिटल सेवेपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकाल बँकिंगविषयी असला, तरी स्वतःचे ॲप काढणाऱ्या मोठ्या दुकानांनी वारे कोणत्या दिशेने वाहत आहे ते ओळखावे.

येत्या हंगामाचे पत्रक छापावयास देताना छापखान्याकडे चित्राबरोबर युनिकोडमधील मजकुराची फाईलही मागावी आणि तसे ऑर्डरवर लिहून द्यावे. पाठविण्यापूर्वी घरातील एखाद्या तरुणाने टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, पत्रकातील पत्ता आणि शेवटची तारीख ऐकू येते का ते पाहावे. कागदी प्रत गादीवरील ज्येष्ठांच्या हाती, चष्म्याशिवाय, संध्याकाळच्या उजेडात द्यावी. त्यांना भाव वाचता आला नाही, तर अक्षर मोठे करावयास अजून वेळ असतो. हजार प्रती छापून झाल्यावर तो नसतो.