श्वासाचा कारभार

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला व्हेंटिलेटर लावल्याची वार्ता घरी पोहोचते, तेव्हा जीव वाचेल की नाही या एकाच चिंतेने आप्तेष्टांना ग्रासलेले असते. परंतु ज्वर उतरला, रक्तदाब स्थिरावला आणि तरीही दिवसामागून दिवस यंत्र सुटेना, अशी अवस्था आली म्हणजे मग ध्यानात येते की, श्वासाचा कारभार यंत्राच्या हाती सोपवणे हे काही घटकांचे काम असले, तरी तो देहाकडे परत सोपवणे हे कित्येक आठवड्यांचे आणि मोठ्या विवेकाचे काम आहे.

या उपचाराचा पाया माणसांच्या हातांनी घातला. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली आणि ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांची रीघ लागली, तेव्हा ‘लोखंडी फुप्फुस’ या नावाने ओळखली जाणारी पेटीवजा यंत्रे अगदीच अपुरी पडल्यामुळे, ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून त्यात नळी बसवण्याची व रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्याची तजवीज केली. वैद्यकीचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून त्या पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे हातांची जागा यंत्राने घेतली. यंत्र थकत नाही, आणि नवी अडचण नेमकी तिथेच उत्पन्न झाली.

श्वासपटल हा जन्मभर अहोरात्र राबणारा स्नायू. त्याला सक्तीची विश्रांती मानवत नाही. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाची तपासणी करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, अवघ्या १८ ते ६९ तासांच्या निष्क्रियतेने त्यातील तंतूंचे छेदक्षेत्र निम्म्याहूनही खाली आले होते. त्यात दीर्घ आजाराने आलेले नसा-स्नायूंचे दौर्बल्य, गुंगीच्या औषधांचा अंमल आणि अपुरे पोषण यांची भर पडते. आणि ज्याचे हृदय दुबळे आहे अशा रुग्णाच्या बाबतीत यंत्राचा दाब निघताच हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा ओघ वाढून फुप्फुसांत पाणी साठण्याचा संभव असतो, म्हणजे धाप लागलेली दिसते, पण व्याधीचे मूळ हृदयात असते.

मग रुग्ण स्वतः श्वास घेण्यास समर्थ झाला, हे ठरवावयाचे कसे? मूळ आजार आटोक्यात आहे, प्राणवायूची गरज उतरली आहे, शुद्ध आहे आणि खोकण्याइतके बळ आहे, याची खातरजमा करून यंत्राचे साहाय्य काढून किंवा अगदी नाममात्र ठेवून अर्धा ते दोन तास त्याला आपल्या बळावर श्वास घेऊ द्यावयाचा, ही आजची सर्वमान्य परीक्षा होय. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात ५४६ रुग्णांची अशी परीक्षा घेतली, तेव्हा त्यांपैकी ४१६ जण पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाले. आणि जे अनुत्तीर्ण झाले, त्यांच्यातही यंत्राचे फेरे हळूहळू कमी करण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा दररोज एकदा अशी परीक्षा घेण्याच्या पद्धतीने यंत्र सुमारे तिपटीने लवकर सुटले.

सलग एकवीस दिवस, दररोज किमान सहा तास यंत्राची गरज लागली, म्हणजे ते दीर्घकालीन यंत्रश्वसन, अशी एक रूढ व्याख्या आहे. बहुधा गळ्यातील छिद्रावाटे श्वास घेणाऱ्या अशा रुग्णांविषयीचा महत्त्वाचा अभ्यास शिकागोजवळच्या एका विशेष रुग्णालयात झाला व २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे अन्य रुग्णालयांतून यंत्रासह आलेल्या ५०० रुग्णांना प्रथम पाच दिवस यंत्राविना श्वास घेऊ दिला असता, त्यांतील १६० जणांना यंत्राची गरजच उरलेली नाही, असे निष्पन्न झाले! उरलेल्यांपैकी ज्यांना दिवसा यंत्र पूर्ण काढून गळ्यातील नळीवाटे श्वास घेऊ दिला व आरंभी रात्री पुन्हा यंत्राची विश्रांती दिली, त्यांना मुक्त होण्यास लागलेला मध्यक काळ १५ दिवसांचा होता. यंत्राचा दाब क्रमाक्रमाने उतरवलेल्यांचा १९ दिवसांचा.

या दोन्ही अभ्यासांतून वैद्यकाच्या सावधगिरीवर एक सौम्य, पण स्पष्ट ठपका येतो: रुग्णाचे सामर्थ्य आपल्या अनुमानाच्या पुढे गेलेले असते आणि आपण मागे राहतो. अर्थात केवळ परीक्षेने बळ येत नाही. गुंगी कमी करणे, बिछान्यावर उठवून बसवणे, शक्य तितके चालवणे, पुरेसा आहार आणि रात्रीची अखंड झोप, या सर्वांसाठी परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांचे श्रम खर्ची पडतात. वाचा परत मिळणे हेही मोठे औषध आहे. गळ्यातील नळीवर बसवून बोलता यावे अशी प्रसिद्ध झडप डेव्हिड म्युअर या तरुणाने शोधली, आणि तो स्वतः स्नायुविकारामुळे व्हेंटिलेटरवर अवलंबून होता.

काही रुग्णांचे यंत्र अखेरपर्यंत सुटत नाही. मज्जारज्जूची गंभीर इजा किंवा वाढत जाणारा स्नायुविकार असल्यास घरी यंत्र नेण्याचा, किंवा उपचारांच्या मर्यादेचा विचार रुग्णाच्या इच्छेला मान देऊन मोकळेपणाने करावा लागतो. परंतु तो निर्णय परीक्षेअंती व्हावा, सवयीने नव्हे. म्हणून ज्यांचा आप्त यंत्रावर आहे त्यांनी ‘आज कसे आहेत?’ एवढेच विचारून परतू नये. ‘आज स्वतःचा श्वास घेऊ देऊन पाहिले का, आणि नसल्यास अडचण कोणती?’ हेही डॉक्टरांना नम्रपणे, पण दररोज विचारावे.