पेशी आपले मूळ विसरते काय?

एकाच फलित अंडपेशीपासून हाड, स्नायू, त्वचा असे परस्परांहून सर्वस्वी भिन्न पेशीसमूह निर्माण होतात. हे श्रमविभाजन घडते कसे? जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे अनुमान मांडले की, पेशीविभाजनाच्या वेळी आनुवंशिक द्रव्याची जणू वाटणीच होते व प्रत्येक पेशीस तिच्या कामापुरता अंश मिळतो. अनुमान सुटसुटीत खरे. परंतु सुटसुटीतपणा हा काही पुरावा नव्हे.

ऑक्सफर्ड येथे जॉन गर्डन यांनी आफ्रिकेतील झेनोपस बेडकावर त्याची परीक्षा केली. बेडकाच्या अंड्यातील केंद्रक जंबुपार किरणांनी निष्प्रभ करून, बेडूकमाशाच्या आतड्याच्या अस्तरातील पेशीचे केंद्रक त्यांनी अतिसूक्ष्म नळीने त्यात सोडले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार अशा ७२६ प्रयत्नांपैकी जेमतेम दीड टक्का प्रयत्नांतून सुस्थितीतील बेडूकमासे निपजले. प्रमाण फारच अल्प. तथापि येथे थोडे यशही पुरेसे होते; कारण डोळा वा हृदय घडविण्याचे आदेश आतड्याच्या पेशीने खरोखरच गमावले असते, तर असा एकही जीव निपजला नसता. अंड्याचे मूळ केंद्रकच कोठे शिल्लक राहिले नसेल ना, ही शंका मात्र रास्त होती. तिचे उत्तर गर्डन यांनी आधीच योजून ठेवले होते. बेडकाच्या केंद्रकात सामान्यतः दोन केंद्रिका असतात. ज्या वाणाची केंद्रके त्यांनी घेतली, त्यात एकच असे. नव्या जिवांच्या पेशींत तीच खूण आढळली. १९६६ साली तर आतड्याच्या केंद्रकांपासून वाढलेल्या प्रजननक्षम बेडकांचाही वृत्तांत प्रसिद्ध झाला.

म्हणजे आदेश नाहीसे होत नाहीत, ते मूक होतात. विशिष्ट प्रथिने डीएनएवर ठरावीक जागी बसून काही जनुकांना कार्यप्रवृत्त करतात. इतर जनुकांचा धागा हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळला जातो किंवा त्यावर मिथिल गटांच्या खुणा उमटतात. ही व्यवस्था कन्यापेशींकडेही जाते, म्हणून यकृताची पेशी यकृताचीच राहते. (अपवाद आहेत: मानवाची तांबडी रक्तपेशी परिपक्व होताना आपले केंद्रकच टाकून देते.)

२००६ साली क्योटो येथील शिन्या यामानाका व काझुतोशी ताकाहाशी यांनी अंड्याचे साहाय्य न घेता, केवळ चार जनुके घालून उंदराच्या त्वचेतील पेशी भ्रूणावस्थेतील पेशींसारख्या केल्या. गर्डन व यामानाका यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या चार जनुकांपैकी एकाचा कर्करोगाशी संबंध आहे. त्यामुळे ते वगळून हेच कार्य साधण्याच्या रीतीही पुढे शोधण्यात आल्या.